खडूची रेघ पुसा, मुलांना खेळू द्या

‘‘पुरे झाला खेळ, आता अभ्यासाला बस.’’

मुले असलेल्या घरात दिवसातून निदान चार वेळा हे वाक्य ऐकू येते. बोलणाऱ्या आईवडिलांच्या मनात काही वावगे नसते. मुलाचे भले व्हावे, त्याने चार बुके शिकून पुढे जावे, एवढीच त्यांची इच्छा असते. खेळ म्हणजे वेळ घालवणे आणि अभ्यास म्हणजे वेळ सत्कारणी लावणे, अशी आपली पक्की समजूत झालेली असते. माझीही होती. ती चुकीची आहे हे मला कोलकात्यातल्या एका जुन्या वाड्याने आणि वरच्या मजल्यावर राहणाऱ्या एका आजींनी शिकवले.

यांची बदली कोलकात्याला झाली तेव्हा आमचा मुलगा सहा वर्षांचा होता. भवानीपूर भागात एका जुन्या तीनमजली इमारतीत आम्हाला घर मिळाले. शहर नवे, शाळा नवी आणि भाषा तर कानावरून कधी न गेलेली. मुलगा मागे पडू नये म्हणून मी कंबर कसली. स्वयंपाकघराच्या दारावर वेळापत्रक चिकटवले. शाळेतून आल्यावर जेवण, मग गृहपाठ, संध्याकाळी बंगालीची शिकवणी, रात्री इंग्रजी शुद्धलेखन, रविवारी चित्रकलेचा वर्ग. खालच्या गल्लीत मुलांचा कल्ला चाललेला असे. पण याला भाषा येत नाही, रस्त्यावर रिक्षा आणि मोटारी, कुठे पडला-झडला तर काय घ्या, असा विचार करून मी त्याला खाली सोडत नसे. फारच किरकिर केली तर हातात मोबाइल देई. तो गप्प बसे आणि मलाही हायसे वाटे.

तीन-चार महिन्यांत तो खरोखरच गप्प झाला. प्रश्न विचारीनासा झाला. शाळेची वेळ झाली की त्याच्या पोटात दुखू लागे. आम्ही त्याला डॉक्टरांकडे नेले. त्यांनी नीट तपासले, पोटात काही नाही असे सांगितले आणि औषध लिहिण्याऐवजी मलाच विचारले, ‘‘हा दिवसभरात खेळतो किती?’’

मी वेळापत्रक डोळ्यांपुढे आणले. त्यात खेळाचा रकानाच नव्हता.

रेघेच्या आतला मुलगा

त्याच सुमारास सासूबाई काही दिवस राहायला आल्या. कोलकात्याला येऊन रवींद्रनाथांचा वाडा पाहिला नाही असे कसे चालेल, म्हणून एका सुटीच्या दिवशी आम्ही सगळे जोडासांकोला गेलो. चित्पूर रोडला आता रवींद्र सरणी म्हणतात. तिथल्या गजबजाटातून आत वळले की ठाकूर घराण्याचा लालसर रंगाचा प्रचंड वाडा दिसतो. याच वाड्यात ७ मे १८६१ रोजी रवींद्रनाथांचा जन्म झाला आणि ७ ऑगस्ट १९४१ रोजी इथेच त्यांनी देह ठेवला. आता तिथे संग्रहालय आहे. मोठमोठे दिवाणखाने, लांबच लांब व्हरांडे. आमचा मुलगा एका व्हरांड्यात कठड्याचे गज मोजत पुढे निघाला तेव्हा सासूबाई म्हणाल्या, ‘‘एवढ्या मोठ्या घरात लहानपण गेलं म्हणजे काय मजा असेल नाही?’’

मलाही तसेच वाटले होते. नंतर रवींद्रनाथांची ‘जीवनस्मृती’ मिळवून वाचली, तेव्हा कळले की वस्तुस्थिती निराळी होती.

१९१२ साली प्रसिद्ध झालेल्या या आठवणींत त्यांनी आपल्या लहानपणाविषयी मोकळेपणाने लिहिले आहे. घर श्रीमंत, माणसे पुष्कळ. पण मुले सोपवलेली नोकरांच्या हाती. त्यांपैकी श्याम नावाच्या नोकराने एक सोपी युक्ती शोधून काढली होती. तो छोट्या रवीला एका जागी बसवी, त्याच्याभोवती खडूने गोल रेघ ओढी आणि गंभीर चेहरा करून बजावी, की या रेघेबाहेर पाऊल टाकशील तर मोठे संकट ओढवेल. रवीने रामायण ऐकलेले होते. लक्ष्मणरेषा ओलांडल्यावर सीतेचे काय झाले हे त्याला ठाऊक होते. त्यामुळे तो बिचारा तासन् तास त्या वर्तुळात बसून राही. सुदैवाने जागा खिडकीजवळची होती. खिडकीखाली पायऱ्यांचे तळे होते, काठावर जुना वड होता. तळ्यावर आंघोळीला येणाऱ्या माणसांच्या एकेक तऱ्हा न्याहाळत त्याचा दिवस जाई.

हे वाचताना माझ्या हातातले पुस्तक खाली आले. आमच्याही घरात एक मुलगा दुपारभर खिडकीत बसून खालची गल्ली पाहत होता. त्याच्याभोवतीची रेघ खडूची नव्हती एवढेच. ती मी दारावर कागद चिकटवून ओढली होती.

कठड्याचे विद्यार्थी आणि सीताफळाची बी

पण मूल हे मूल असते. जागा दिली नाही तर ते आहे त्या जागेत खेळ शोधून काढते. रवींद्रनाथांच्या या आठवणी पालकांनी मुद्दाम वाचाव्यात अशा आहेत. व्हरांड्याच्या कोपऱ्यात त्यांनी सीताफळाची बी पुरली होती आणि रोज तिला पाणी घालून ती उगवते का हे ते पाहत. चुलतभावाच्या बागेतले दगड पळवून आणून अभ्यासाच्या खोलीत त्यांनी एक डोंगर उभा केला होता. मोठ्यांच्या दृष्टीला पडताच तो डोंगर नाहीसा झाला. १९४० साली लिहिलेल्या ‘छेलेबेला’ या पुस्तकात आजीच्या काळातल्या एका मोडक्या पालखीची आठवण आहे. अडगळीत पडलेल्या त्या पालखीत बसून हा मुलगा मनाने देशोदेशी फिरून येई.

सगळ्यांत बोलकी आठवण आहे ती व्हरांड्याच्या कठड्याची. लाकडी कठड्याचे गज हे विद्यार्थी, आणि हातात छडी घेतलेला रवी हा त्यांचा मास्तर. काही गज हुशार, काही ढ. ढ विद्यार्थ्यांना तो इतके बदडून काढी की त्यांची पार दशा होऊन जाई. मोठेपणी रवींद्रनाथांनी यावर जे म्हटले आहे ते आपल्याला विचार करायला लावणारे आहे. मास्तर काय शिकवतात ते आत्मसात व्हायला फार वेळ लागला. मास्तर कसे वागतात ते मात्र विनासायास शिकून झाले, असा त्याचा आशय आहे.

आपले मूल एकटे खेळत असताना दाराआडून जरा ऐकून पाहा. बाहुलीला ते कोणत्या आवाजात रागावते? ‘किती वेळा सांगायचं तुला!’ हे शब्द कुणाचे असतात? मुलांचा खेळ हा घराचा आरसा असतो. त्यात दिसणारे आपले रूप कधी कधी आपल्यालाच आवडत नाही.

हाच मुलगा पुढे शाळेत रमला नाही. एकामागून एक शाळा झाल्या आणि सुटल्या. त्याने मोठेपणी २२ डिसेंबर १९०१ रोजी शांतिनिकेतनात पाच विद्यार्थ्यांना घेऊन स्वतःची शाळा काढली, तेव्हा वर्ग भरवले ते झाडाखाली. मुलांना झाडावर चढण्याची, पावसात भिजण्याची, गाणी म्हणण्याची आणि नाटके करण्याची मोकळीक दिली. रेघेच्या आत बसलेल्या मुलाने दुसऱ्या मुलांसाठी रेघ पुसून टाकली, असेच म्हणावे लागेल.

माशीमांची गच्ची

आमच्या घरची रेघ पुसली ती वरच्या मजल्यावरच्या माशीमांनी. सत्तरी ओलांडलेल्या, पांढरी साडी नेसणाऱ्या या आजी मला ‘बौमा’ म्हणजे सूनबाई म्हणत. एकदा जिन्यात मुलाचा सुकलेला चेहरा पाहून त्यांनी विचारले, ‘‘बौमा, याला गच्चीवर का पाठवत नाहीस? माझी नातवंडं रोज संध्याकाळी तिथेच असतात.’’

‘‘त्याला बंगाली येत नाही, माशीमा,’’ मी म्हटले.

त्या हसल्या. ‘‘खेळायला भाषा कशाला लागते? खेळला की येईल.’’

मुलगा मराठी आहे हे कळल्यावर त्यांनी त्याचे नाव ठेवले ‘बर्गी’. अठराव्या शतकात नागपूरकर भोसल्यांच्या घोडेस्वारांनी बंगालवर स्वाऱ्या केल्या, तेव्हापासून तिथल्या आया ‘बर्गी’ येतील अशी भीती घालून बाळांना झोपवत आल्या आहेत. मराठ्यांच्या धास्तीने इंग्रजांनी कोलकात्याला खंदकही खणला होता. आपल्याला अभिमानाने सांगितला जाणारा इतिहास दुसऱ्याच्या पाळण्याशी किती निराळा ऐकू येतो, हे मला तेव्हा कळले. पण माशीमांच्या तोंडी त्या नावात माया होती. पोरांना तर ते फारच आवडले. पहिल्याच दिवशी आमचा बर्गी गच्चीवर स्वारी करून घामाघूम होऊन खाली आला आणि कधी नव्हे ती दोन पोळ्या जास्त जेवला. पोटदुखी हळूहळू कमी होत गेली आणि दोन महिन्यांत आम्ही ती विसरूनही गेलो.

हळूहळू मला उमगले की गच्चीवरचे खेळ आपलेच आहेत, फक्त नावे वेगळी. लपंडावाला ते लुकोचुरी म्हणतात. आंधळी कोशिंबीर म्हणजे कानामाछी. विटीदांडूला डांगुली. आपल्या डोंगर-पाण्यासारखाच त्यांचा कुमीर-डांगा; त्यात पाण्यात मगर असते आणि उंचवट्यावर जमीन. भातुकलीला त्यांनी फार गोड नाव दिले आहे, रान्नाबाटी. बाहुला-बाहुलीची लग्ने तर दोन्हीकडे सारख्याच थाटात लागतात. आणि खडूने चौकटी आखून लंगडत लंगडत ठिकरी सरकवायची, तो कितकित.

या कितकितच्या चौकटींवर माझा मुलगा बंगालीतले एक ते दहा शिकला. शिकवणीच्या बाई तीन महिने तेच शिकवत होत्या. ‘माझा डाव’, ‘तू आऊट’, ‘खोटं बोलू नकोस’, ‘पुन्हा खेळूया’ ही वाक्ये त्याला कोणी पाठ करून घेतली नाहीत. त्याला ती हवी होती, म्हणून त्याने ती घेतली. सप्टेंबरात विश्वकर्मा पूजेला कोलकात्याच्या गच्च्या पतंगांनी गजबजून जातात. त्या दिवशी माझा मुलगा भांडत होता, ओरडत होता, हसत होता, आणि सगळे बंगालीत.

खेळात मुले काय शिकतात?

हा काही योगायोग नव्हता. मुलांच्या मनाचा अभ्यास करणाऱ्यांनी हे फार पूर्वी सांगून ठेवले आहे. जर्मनीतल्या फ्रीड्रिख फ्रोबेलने १८३७ मध्ये लहान मुलांसाठी शाळा काढली आणि पुढे तिला नाव दिले ‘किंडरगार्टन’, म्हणजे मुलांची बाग. त्याच्या शाळेचा पाया खेळ हाच होता. रशियन मानसशास्त्रज्ञ लेव्ह व्हिगॉट्स्की याने दाखवून दिले की खेळताना मूल आपल्या वयापेक्षा मोठे होऊन वागते. एरवी दोन मिनिटे स्वस्थ न बसणारे मूल लपंडावात श्वास रोखून पलंगाखाली बसते. घरात सगळ्या वस्तूंसाठी हट्ट करणारे मूल खेळात आपली पाळी येईपर्यंत थांबते. कारण खेळाचा नियम त्याने आपण होऊन मानलेला असतो. मनाला आवर घालण्याचा याहून चांगला धडा कोणत्या पुस्तकात मिळेल?

जरा बारकाईने पाहिले तर प्रत्येक खेळात काही ना काही शिक्षण दडलेले असते. भातुकलीत चमच्याने पाणी मोजताना मापे कळतात. ठोकळ्यांचा मनोरा कोसळतो तेव्हा तोल कळतो. सागरगोटे झेलताना डोळा आणि हात एकमेकांशी जुळतात. पत्ते आणि सापशिडी हिशेब शिकवतात. डॉक्टर-डॉक्टर खेळताना मूल इंजेक्शनची भीती घालवते. गल्लीतल्या क्रिकेटमध्ये पंच नसतो, त्यामुळे आऊट की नॉट-आऊट याचा निवाडा मुलांनाच भांडून, पटवून, कधी माघार घेऊन करावा लागतो. आणि सगळ्यांत मोठे शिक्षण म्हणजे हरणे. आज हरलो तरी उद्या पुन्हा डाव मांडता येतो, हे ज्याला लहानपणी कळले तो पुढे परीक्षेतल्या अपयशाने खचून जात नाही.

अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१८ मध्ये खेळाच्या महत्त्वावर एक सविस्तर अहवाल प्रसिद्ध केला. लहान मुलांच्या तपासणीच्या वेळी डॉक्टरांनी औषधाप्रमाणे खेळही लिहून द्यावा, असे त्यात सुचवले आहे. आमच्या भवानीपूरच्या डॉक्टरांनी तेच केले होते.

आपल्या देशानेही आता ही गोष्ट कागदावर मान्य केली आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात तीन ते आठ या वयातले शिक्षण खेळातून आणि कृतीतून व्हावे असे म्हटले आहे. त्याला अनुसरून २०२३ मध्ये ‘जादुई पिटारा’ नावाची खेळणी, कोडी, बाहुल्या आणि गोष्टींची पेटी सरकारने काढली. मुलांच्या हक्कांविषयीच्या १९८९ च्या जागतिक करारातले ३१ वे कलम विश्रांती आणि खेळ हा प्रत्येक मुलाचा हक्क मानते. भारताने हा करार १९९२ मध्ये स्वीकारला. २०२४ पासून ११ जून हा दिवस जगभर खेळाचा दिवस म्हणून पाळला जातो.

आपल्याच मातीतला धडा

मात्र हे सारे परदेशातून किंवा दिल्लीहून शिकायला हवे असे नाही. ताराबाई मोडक यांनी गिजुभाई बधेका यांच्याबरोबर बालशिक्षणाचे काम केले आणि १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ सुरू झाला. शहरातल्या बालवाड्या पाहून त्यांना वाटू लागले की हे शिक्षण गरिबांच्या मुलांपर्यंत पोचत नाही. म्हणून १९४५ मध्ये त्या बोर्डीला गेल्या. तिथे अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. पुढे १९५७ मध्ये हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले.

आदिवासी पाड्यांवरची मुले शाळेत येईनात, तेव्हा या दोघींनी शाळाच पाड्याच्या अंगणात नेली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी शाळा कुरणात भरवली. महागडी साधने कुठून आणणार? त्यांनी शंख-शिंपले, बिया, खडे, पाने, काड्या हीच साधने केली. त्यांनी मोजायचे, जुळवायचे, रचायचे, नक्षी मांडायची. जे अंगणात पडलेले आहे त्याने मूल शिकू शकते, फक्त त्याला हात लावू दिला पाहिजे, हे त्यांनी करून दाखवले.

दुकानातल्या महाग खेळण्यांपुढे उभे राहून ‘आपल्याला हे परवडत नाही’ म्हणून खंतावणाऱ्या प्रत्येक आईने कोसबाड आठवावे.

खेळ ही चैन नव्हे

काही जण म्हणतील, ज्यांचे सगळे सुरळीत आहे त्यांना खेळ सुचतात. अडचणीत सापडलेल्या घराने आधी पोटाचे आणि परीक्षेचे पाहायचे की खेळाचे? त्यांच्यासाठी एक हकिगत सांगते. तिचेही मूळ जोडासांकोच्या त्या खिडकीशी जुळते.

रवींद्रनाथांनी ‘डाकघर’ नावाचे नाटक लिहिले. त्यातला अमल हा आजारी मुलगा वैद्यांच्या हुकुमामुळे घरात कोंडलेला आहे. तो खिडकीत बसून रस्त्याने जाणाऱ्या दहीवाल्याशी, पहारेकऱ्याशी, फुले वेचणाऱ्या मुलीशी बोलतो आणि मनाने त्यांच्याबरोबर हिंडून येतो. पोलंडच्या वॉर्सा शहरात नाझींनी ज्यूंना भिंतीआड कोंडले होते. त्या वस्तीत यानुश कोर्चाक नावाचे डॉक्टर अनाथ मुलांचा आश्रम चालवत. बाहेर उपासमार आणि मृत्यू. अशा वेळी १८ जुलै १९४२ रोजी कोर्चाक यांच्या आश्रमातल्या मुलांनी ‘डाकघर’चा प्रयोग केला. पुढच्याच महिन्यात त्या सगळ्या मुलांना छळछावणीकडे नेण्यात आले. स्वतः सुटण्याची संधी असूनही कोर्चाक मुलांना सोडून गेले नाहीत. त्यांच्याबरोबरच गेले.

आपल्या मराठीत नाटकाच्या प्रयोगालाही ‘खेळ’च म्हणतात. सर्व काही हिरावले गेलेल्या मुलांनाही एका शहाण्या माणसाने खेळ दिला, कारण भाकरीइतकीच त्याची गरज आहे हे त्याला ठाऊक होते. मग आपल्या सुखवस्तू घरात त्याच्यासाठी अर्धा तास निघू नये?

घरही मोकळे होते

मुलगा खेळू लागल्यावर बदल त्याच्यातच झाला असे नाही. आमच्या घराचाही चेहरा पालटला. पूर्वी संध्याकाळ म्हणजे माझे ओरडणे, त्याचे रडणे आणि हे ऑफिसातून आल्यावर आम्हा दोघांचीही तक्रार ऐकून वैतागणे. आता रात्री जेवणानंतर वीस मिनिटे कॅरम मांडला जातो. यांना पूर्वी मुलाशी काय बोलावे हेच सुचत नसे. ‘शाळेत काय झालं?’ ‘काही नाही.’ इथेच संवाद संपायचा. आता सोंगटी मारता मारता तो आपणहून सांगतो की आज बाकावर शेजारी कोण बसले, कोण रडले, कोणाचा डबा सांडला. समोरासमोर बसवून विचारले तर मुले बोलत नाहीत. हात खेळात गुंतले की जीभ सुटते.

सासूबाई पुन्हा आल्या तेव्हा त्यांनी आणि माशीमांनी गच्चीवर सागरगोट्यांचा डाव मांडला. एकीला बंगाली येत नाही, दुसरीला मराठी. दोघी चक्क भांडल्या आणि मग खूप हसल्या. नातवंडे तोंडात बोट घालून पाहत राहिली. हाजरा रोडवरच्या महाराष्ट्र निवासात गणपतीच्या दिवसांत जमलेल्या मराठी घरांमध्ये हा किस्सा मी सांगितला, तेव्हा कितीतरी जणींनी कबूल केले की शेवटचे कधी खेळलो हे त्यांना आठवत नाही.

मुलींच्या बाबतीत तर आपण अधिकच कंजूष असतो. मुलगा बाहेर खेळतो तेव्हा मुलीला हाताखाली बोलावले जाते. दहा-अकराव्या वर्षापासून ‘आता तू मोठी झालीस’ म्हणून तिचा खेळ बंद होतो. धावणे, चढणे, हरणे, जिंकणे यांची गरज तिलाही तेवढीच आहे.

पालकांनी एवढे करावे

रोजच्या वेळापत्रकात पहिला रकाना खेळाचा ठेवा आणि मग बाकीचे भरा. जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्याप्रमाणे तीन-चार वर्षांच्या मुलांची दिवसभरात मिळून तीन तास हालचाल व्हायला हवी. त्यातला एक तास चांगली धावपळ असावी. पाच वर्षांपुढच्या मुलांना रोज सरासरी एक तास घाम निघेल असा खेळ हवा.

मोबाइल आणि टीव्ही म्हणजे खेळ नव्हे. दोन वर्षांखालच्या मुलांना पडदा दाखवूच नये आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला एक तासापेक्षा अधिक नको, असे हीच संघटना सांगते. आधी स्वतःचा मोबाइल बाजूला ठेवा, मग मुलाचा काढून घ्या. उलट क्रमाने केले तर उपयोग होत नाही.

खेळणी थोडी आणि साधी असावीत. रिकामे खोके, जुनी ओढणी, झाकणे, डाळीचे दाणे, कणकेचा गोळा, बादलीभर पाणी यांतून मूल हवे ते बनवते. बटण दाबल्यावर सगळे काही स्वतःच करणाऱ्या खेळण्यात मुलाला करण्यासारखे काही उरत नाही. लहान मुले वस्तू तोंडात घालतात, त्यांच्याजवळ मात्र बारीक वस्तू ठेवू नका.

खेळाचा वर्ग करू नका. ‘सांग बरं, हा कोणता रंग?’ असे प्रश्न खेळाच्या मध्ये घुसवले की मूल उठून जाते. बोलावले तर सामील व्हा, नाही तर जवळ आपले काम करत बसा. लहानसहान भांडणात लगेच पडू नका. मारामारी, कुणाला सतत एकटे पाडणे किंवा धोक्याची जागा असेल तेव्हाच पुढे व्हा.

मोठ्या शहरात जागा नाही ही अडचण खरी आहे. पण गच्ची, जिना, सोसायटीचे वाहनतळ, शाळेचे पटांगण, जवळचा बाग यांपैकी काहीतरी असतेच. कोलकात्यात आम्ही रविवारी सकाळी मैदानावर किंवा रवींद्र सरोवरावर जातो. तीन-चार घरांनी मिळून रोज संध्याकाळी एकाने लक्ष ठेवायचे ठरवले तर कुणावरच भार पडत नाही.

आणि एक महत्त्वाची गोष्ट. मूल बराच काळ कशातच रमत नसेल, इतर मुलांकडे पाहतही नसेल किंवा आधी खेळणारे मूल अचानक खेळणे सोडून कोपऱ्यात बसू लागले असेल, तर ‘शांत आहे’ म्हणून समाधान मानू नका. बालरोगतज्ज्ञांना दाखवा. न खेळणारे मूल काहीतरी सांगत असते.

खडू तोच

मागच्या आठवड्यात बाजारातून परत आले तो जिन्यातल्या फरशीवर खडूने मोठमोठ्या चौकटी आखलेल्या. आदल्याच दिवशी फरशी घासली होती. रागाने हाक मारणार, तोच वरून पोरांचा घोळका धडधडत खाली आला. पुढे आमचा बर्गी, मुठीत खडू.

‘‘आई, तू खेळशील?’’ त्याने विचारले.

मला त्या वाड्यातला श्याम आठवला. त्याच्या हातातही खडूच होता. त्याने मुलाला आत ठेवण्यासाठी रेघ ओढली. या पोरांनी उडी मारून पलीकडे जाण्यासाठी ओढली होती. खडू तोच, तो कशासाठी वापरायचा हे आपल्या हाती असते.

मी भाजीची पिशवी कोपऱ्यात ठेवली, पदर खोचला आणि ठिकरी मागितली. दुसऱ्याच चौकटीत मी आऊट झाले. पण गेल्या कित्येक वर्षांत इतके हसले नव्हते.